एक्स-रे म्हणजे सावली: नव्या विद्यार्थ्यांसाठी रेडिओग्राफी आणि हाडांची पहिली ओळख

एक्स-रेच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं की सगळ्यांचे डोळे यंत्राकडे जातात. वर सरकणारी, किरण सोडणारी ट्यूब, काचेपलीकडचा कंट्रोल पॅनल, त्यावरचे आकडे. बटणं शिकायला आठवडा पुरतो. बटण दाबल्यावर पडद्यावर काय उमटणार हे आधीच डोळ्यांसमोर यायला मात्र फार वेळ लागतो. तो वेळ वाचवायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे: एक्स-रेला फोटो समजू नका, सावली समजा.

आधी बॅटरी हातात घ्या

अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी (टॉर्च) लावून टेबलावर ठेवा आणि भिंतीसमोर हात धरा. हात भिंतीला टेकवला की सावली जवळपास हाताएवढीच पडते, कडाही रेखीव असतात. हात बॅटरीकडे आणत जा, सावली फुगते आणि कडा पुसट होतात. आता हात तिथेच ठेवून बॅटरी लांब न्या, सावली पुन्हा आटोक्यात येते. शेवटी पंजा कडेवर उभा करा. चार बोटांची मिळून एकच पट्टी दिसेल. बोटं चार आहेत हे त्या सावलीवरून कुणालाच सांगता येणार नाही.

रेडिओग्राफीची निम्मी भूमिती इथेच संपली. दुखरा भाग डिटेक्टरला, म्हणजे किरण टिपणाऱ्या पाटीला, जितका चिकटलेला तितकं चित्र खरं. ट्यूब जितकी लांब तितकं मोठं दिसणं कमी. आणि एका दिशेने काढलेल्या चित्रात पुढचं-मागचं एकमेकांवर चढतं, म्हणून एकमेकांशी काटकोनात असलेले निदान दोन व्ह्यू लागतात. समोरून अगदी सरळ दिसणारं मोडलेलं हाड बाजूने पाहिल्यावर पुरतं सरकलेलं निघतं. पहिल्या महिन्याभरात तुम्हीही हे बघालच.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांना एक्स-रेचे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गमधल्या प्रयोगशाळेत सापडले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी अ‍ॅना बर्था यांच्या हाताचं चित्र काढलं. ते चित्र शोधून नीट बघा. बोटांची हाडं, भोवती मांसाची फिकट सावली आणि एका बोटात अंगठी. त्या एकाच चित्रात मांस, हाड आणि धातू अशा तीन छटा एका रांगेत येऊन बसल्या आहेत.

पाच छटा

साध्या एक्स-रेत पाचच छटा ओळखता येतात: हवा, चरबी, पाणी किंवा स्नायू, हाड आणि धातू. हवा काळी, धातू पांढराशुभ्र, बाकीच्या मध्ये. हाड पांढरं दिसतं ते मुख्यतः त्यातल्या कॅल्शियममुळे. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, तर मांसातले कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन ६ ते ८ च्या घरातले. अणुक्रमांक वाढला की किरण शोषून घेण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते. ८२ अणुक्रमांकाचं शिसं एप्रनमध्ये घालतात तेही त्याचमुळे.

स्नायू, रक्त, मूत्र आणि पू यांची छटा एकच. त्यामुळे हृदयाची भिंत आणि आतलं रक्त वेगळं दिसत नाही. दोन गोष्टींमधली कड दिसायला त्यांच्या छटा वेगळ्या हव्यात. हे एकदा मनात बसलं की 'लिगामेंट तुटलंय का ते एक्स-रेत बघा' असं कुणी म्हणालं तर तुम्ही गोंधळणार नाही. लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, दिसत नाही. ते तुटल्यामुळे हाडांमधली जागा रुंदावली असेल, तर ती दिसते.

शरीराचे पत्ते

हाडांची नावं पाठ करण्याआधी दिशा पक्क्या करा. रुग्ण ताठ उभा, तोंड समोर, तळहात पुढे, ही अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन. सगळे शब्द हिच्यावरून ठरतात, मग रुग्ण पालथा झोपलेला असो की कुशीवर. शरीराच्या मधल्या रेषेकडचं ते मीडियल, तिच्यापासून दूरचं ते लॅटरल. हातापायात धडाकडचं टोक प्रॉक्सिमल, बोटांकडचं डिस्टल. किरण पुढून शिरून मागून बाहेर पडले तर एपी, मागून शिरून पुढून बाहेर पडले तर पीए. व्ह्यूचं नाव किरणांच्या वाटेवरून पडतं, रुग्ण उभा आहे की झोपलेला यावरून नाही. परीक्षेत इथे हमखास गुण जातात.

छातीचा एक्स-रे बघताना रुग्ण तुमच्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरायचं. म्हणजे त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला. सुरुवातीला हे उलटसुलट होतं, तेव्हा चित्राकडे बघत मनातल्या मनात त्या माणसाला नमस्कार करा. त्याचा उजवा हात कुठे आहे ते लगेच कळतं.

२०६ हाडं, पण पाठांतर नको

प्रौढ माणसाची हाडं साधारण २०६. त्यातली ८० मधल्या खांबाची, म्हणजे कवटी, कानातली इवली हाडं, गळ्यातलं हायॉइड, कणा, बरगड्या आणि उरोस्थी (छातीचं मधलं हाड). उरलेली १२६ हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या हाडांची. विद्यार्थी ही यादी घोकत बसतात आणि रुग्णाच्या अंगावर बोट ठेवायची वेळ आली की अडकतात. म्हणून क्रम उलटा धरा. आधी स्वतःचं शरीर चाचपून बघा, मग पुस्तक उघडा.

मान खाली घाला आणि मागून बोट फिरवा. सर्वांत ठळक हाताला लागणारं टोक बहुधा मानेच्या सातव्या मणक्याचं, म्हणजे सी ७ चं. गळ्याखाली दोन हसळ्यांच्या मधला खळगा टी २ ते टी ३ च्या पातळीवर (टी म्हणजे पाठीचे मणके). तिथून खाली दोन-तीन बोटं सरकलात की उरोस्थीवर एक आडवा उंचवटा लागतो. ती टी ४-५ ची पातळी. दुसरी बरगडी इथेच जोडलेली असते, म्हणून बरगड्या मोजायला इथून सुरुवात करायची. खांद्याच्या पात्याचं खालचं टोक टी ७ च्या पातळीवर. उरोस्थीचं खालचं मऊ टोक टी ९-१० वर. कमरेवर हात ठेवून उभे राहिलात की हात ज्या कडेवर टेकतात ती इलियक क्रेस्ट, तिची पातळी एल ४, म्हणजे कमरेचा चौथा मणका.

एवढ्या खुणा बोटाला ओळखीच्या झाल्या की छाती, पाठ, कंबर आणि पोट, सगळ्यांचा सेंटरिंग पॉइंट, म्हणजे किरणांचा मध्य रोखायची जागा, तुमच्या हातात आला. त्या कपड्यांवरूनही चाचपता येतात, पण आधी सांगून. 'काकू, कमरेचं हाड शोधतोय, हात लावतो हं,' एवढं म्हणायला दोन सेकंद लागतात आणि रुग्ण आक्रसत नाही. आक्रसलेल्या रुग्णाची पोझिशन कधीच नीट येत नाही.

कण्याचा हिशेब सोपा: मानेचे ७ मणके, पाठीचे १२, कमरेचे ५, मग ५ मणके जुळून झालेली त्रिकास्थी आणि बहुधा ४ छोटे मणके जुळून झालेलं माकडहाड. पाठीच्या १२ मणक्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या. पायाची मोठी हाडं बोलण्यातल्या नावांनी लक्षात ठेवा आणि शास्त्रीय नाव शेजारी लिहा. खुबा म्हणजे हिप, मांडीचं हाड फीमर, गुडघ्याची वाटी पटेला, नडगी टिबिया, तिच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड फिब्युला. रुग्ण 'खुब्यात दुखतंय' म्हणतो आणि बोट मात्र भलतीकडेच ठेवतो. बोट कुठे आहे ते बघा, शब्द नंतर ऐका.

मनगट

मनगटात आठ छोटी हाडं दोन रांगांत बसलेली असतात. वरची, म्हणजे कोपराकडची रांग अंगठ्याच्या बाजूने मोजायची: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म. खालची रांगही पुन्हा अंगठ्याकडूनच: ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. लक्षात ठेवायला मी एक वाक्य देतो: 'सकाळी लवकर टपालवाला पत्रं टाकतो, टोपी काढून हसतो.' प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे एक हाड. टाकतो आणि टोपी या दोन 'ट'मध्ये घोळ होतो. त्यातलं अंगठ्याच्या बुडाशी असतं ते ट्रॅपेझियम.

या आठांत सर्वांत तापदायक स्कॅफॉइड. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी दोन ताणलेल्या टेंडनमध्ये (स्नायूंच्या दोऱ्यांमध्ये) जो खळगा पडतो, त्याच्या तळाशी हे हाड असतं. तळहातावर पडलेल्या माणसाला तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर साधा पीए व्ह्यू पुरत नाही. स्कॅफॉइड तिरकं बसलेलं असतं, त्यामुळे समोरून त्याची सावली आखूड पडते आणि भेग तिच्यात लपते. म्हणून हात करंगळीकडे वाकवून वेगळा व्ह्यू घेतात, तसं केल्यावर हाड लांब होऊन उलगडतं. तरीही पहिल्या दिवशी भेग दिसेलच असं नाही. १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात तो चालढकलपणा नव्हे. तोवर भेगेच्या कडेचं हाड थोडं विरघळतं आणि भेग उघडी पडते. या हाडाचा बराचसा रक्तपुरवठा खालच्या टोकाकडून वरच्या टोकाकडे जातो. मधोमध मोडलं की वरचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो. एवढीशी भेग शोधायला एवढा आटापिटा त्यासाठीच.

कोपर आणि लहान मुलं

कोपराच्या लॅटरल व्ह्यूसाठी हात ९० अंशांत वाकवा, अंगठा वर ठेवा आणि खांदा, कोपर, मनगट एकाच पातळीत आणा. नवखे विद्यार्थी कोपर टेबलावर नीट ठेवतात, पण खांदा वरच राहतो. मग दंडाच्या खालच्या टोकाचे दोन्ही उंचवटे एकमेकांवर बसत नाहीत आणि लॅटरल म्हणून तिरकंच चित्र येतं. रुग्णाला स्टूलवर बसवून खांदा टेबलाच्या उंचीला आणा, अर्धं काम तिथेच होतं.

एवढा काटेकोरपणा कशाला? कोपरात हाडाबरोबर चरबीच्या दोन गाद्याही बघतात. पुढची थोडी दिसली तर चालतं. मागची गादी निरोगी कोपराच्या खऱ्या लॅटरलमध्ये दिसत नाही. ती दिसली याचा अर्थ सांध्यात रक्त किंवा पाणी साचून तिला बाहेर ढकललंय. मार लागलेला असेल तर प्रौढात रेडियसच्या (कोपराखालच्या, अंगठ्याकडच्या हाडाच्या) डोक्याला आणि लहान मुलात कोपराच्या जरा वर दंडाच्या हाडाला फ्रॅक्चर असण्याची शक्यता मोठी, भेग डोळ्यांना दिसो न दिसो. व्ह्यू तिरका आला तर ही खूणच हातची जाते.

मुलांच्या हाडांची गोष्ट वेगळी. लांब हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे तिथे काळी फट दिसते. नवा विद्यार्थी तिला हमखास फ्रॅक्चर म्हणतो. कोपरात तर हाडाचे सहा ठिपके वेगवेगळ्या वयात उगवतात: कॅपिटेलम, रेडियसचं डोकं, आतला एपिकॉन्डाइल (दंडाच्या हाडाचा उंचवटा), ट्रॉक्लिया, ओलेक्रेनॉन, बाहेरचा एपिकॉन्डाइल. वयं अंदाजे १, ३, ५, ७, ९, ११. वर्षं पुढेमागे होतात, क्रम सहसा बदलत नाही. आता विचार करा: ट्रॉक्लियाचा ठिपका दिसतोय आणि त्याच्याआधी यायला हवा तो आतल्या एपिकॉन्डाइलचा ठिपका जागेवर नाही. मग तो तुकडा तुटून सांध्यात अडकलेला असू शकतो, आणि आपण ज्याला ट्रॉक्लिया म्हणतोय तोच तो असू शकतो. हा क्रम घोकून ठेवाच. पाठांतराला मी एवढीच सूट देतो.

पायाच्या करंगळीमागच्या पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशीही असाच फसवा प्रकार आहे. वाढत्या मुलात तिथे हाडाचा सुटा पापुद्रा असतो. त्याची फट हाडाच्या लांबीला समांतर धावते, फ्रॅक्चर मात्र आडवं जातं.

केव्ही, एमएएस आणि अंतर

ट्यूबमध्ये तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि टंगस्टनच्या लक्ष्यावर, म्हणजे अ‍ॅनोडवर, आदळतात. त्यांची जवळपास ९९ टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते, एक्स-रे होतात ते फक्त सुमारे १ टक्का. ट्यूब तापते, फिरता अ‍ॅनोड लागतो आणि एकामागून एक जड एक्सपोजर मारू नका असं सीनियर ओरडतात, ते सगळं या ९९ टक्क्यांमुळे.

तुमच्या हातात आकडे दोन. केव्ही (किलोव्होल्ट) म्हणजे किरणांचा जोर, ते कितपत आरपार जातील. एमएएस (मिलिअँपिअर, म्हणजे एमए, गुणिले सेकंद) म्हणजे किरणांची संख्या. २०० एमए आणि ०.०५ सेकंद म्हणजे १० एमएएस. १०० एमए आणि ०.१ सेकंद घेतलं तरी तेवढेच, पण रडणाऱ्या मुलासाठी पहिली जोडी निवडायची, कारण वेळ निम्मा लागतो आणि चित्र हलत नाही. केव्ही १५ टक्क्यांनी वाढवलं, उदाहरणार्थ ७० चं ८० केलं, तर डिटेक्टरवरचा परिणाम साधारण एमएएस दुप्पट केल्यासारखा होतो. फिल्मवर त्याबरोबर छटांमधला फरक स्पष्टपणे कमी व्हायचा. डिजिटलमध्ये संगणक तो बराचसा सावरून घेतो.

हाताला ५० ते ६० केव्ही, गुडघ्याला ६० ते ७०, कमरेच्या एपीला ७५ ते ८५, छातीला ग्रिड लावून ११० ते १२५, हे ढोबळ आकडे. तुमच्या खोलीतला चार्ट वेगळं सांगत असेल तर चार्टचं ऐका, प्रत्येक डिटेक्टरची तहान वेगळी असते. साधारण १० सेंटिमीटरपेक्षा जाड भागाला ग्रिड लावायचा. जाड भागात किरण विखुरतात आणि चित्रावर धुकं पसरतं. ग्रिड ते धुकं गाळतो, पण काही कामाचे किरणही खातो, म्हणून एमएएस वाढवावा लागतो.

अंतराचा नियम वर्गाचा आहे. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते. बहुतेक व्ह्यू १०० सेंटिमीटरवरून घेतात, छाती १८० वरून. म्हणजे बाकी काही न बदलता १०० चं १८० केलं, तर एमएएस ३.२४ पट लागेल. कागदावर स्वतः करून बघा. मानेचा लॅटरलही १८० वरूनच काढतात, कारण खांदा मध्ये आल्यामुळे मान डिटेक्टरला टेकत नाही. बॅटरी मागे नेल्यावर सावली कशी आटोक्यात आली होती ते आठवा.

डिजिटलमध्ये एक सापळा आहे. फिल्मवर किरण जास्त पडले की ती काळी व्हायची आणि चूक जगजाहीर व्हायची. आता जास्त डोस देऊनही चित्र देखणंच येतं, उलट कमी दिला तरच ते दाणेदार दिसतं. मग माणूस नकळत आकडे चढवत जातो. प्रत्येक चित्रासोबत एक्सपोजर इंडेक्सचा, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पडले ते सांगणारा, आकडा येतो, तो बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पोझिशन: कारण कळलं की आकडे लक्षात राहतात

छातीचा पीए. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं, म्हणून छाती डिटेक्टरला टेकवायची, नाहीतर त्याची सावली फुगते. पलंगावर उताण्या रुग्णाचा एपी काढला की हृदय मोठं वाटतं ते याचमुळे. हात कमरेवर आणि खांदे पुढे घ्यायला सांगा, पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. 'श्वास घ्या, सोडा, आता खोल घ्या आणि रोखा.' दुसरा श्वास पहिल्यापेक्षा खोल असतो. मागच्या १० बरगड्या छाती-पोटामधल्या पडद्याच्या (डायफ्रामच्या) वर मोजता आल्या तर श्वास चांगला. दोन्ही हसळ्यांची आतली टोकं मणक्याच्या टोकापासून सारख्या अंतरावर असली तर रुग्ण वळलेला नाही. बरगड्यांचाच मार बघायचा असेल तर वरच्यांसाठी श्वास घेऊन, पडद्याखालच्यांसाठी सोडून.

हाताच्या पंज्याचा पीए सोपा आहे: तळहात सपाट, सेंटर मधल्या बोटाच्या मुळाच्या सांध्यावर. तिरक्या व्ह्यूला ४५ अंश.

गुडघ्याच्या एपीला सेंटर वाटीच्या खालच्या टोकाच्या साधारण सव्वा सेंटिमीटर खाली. लॅटरलला गुडघा २० ते ३० अंश वाकवा आणि ट्यूब ५ ते ७ अंश डोक्याकडे कलवा. मांडीच्या हाडाच्या टोकाचा आतला गोल उंचवटा, म्हणजे कॉन्डाइल, किंचित खाली लोंबतो, त्या कलाने तो बाहेरच्यावर येऊन बसतो. झीज बघायची असेल तर रुग्ण उभा हवा, झोपलेल्या गुडघ्यात सांध्याची जागा खोटी रुंद दिसते. घोट्याच्या मॉर्टिस व्ह्यूला पाय १५ ते २० अंश आत वळवायचा, म्हणजे टेलसच्या (घोट्यातल्या हाडाच्या) भोवतीची फट दोन्ही बाजूंनी मोकळी होते.

कमरेच्या एपीत गुडघे वाकवून पावलं टेबलावर टेकवायला सांगा. कमरेची कमान सपाट होते आणि मणक्यांमधल्या जागा उघडतात. नवशिके ही पायरी विसरतात आणि मग डिस्कच्या जागा का दिसत नाहीत म्हणून केव्हीशी खेळत बसतात.

खुब्याच्या एपीत दोन्ही पाय १५ ते २० अंश आत वळवतात. मांडीच्या हाडाची मान तेवढीच पुढे झुकलेली असते, पाय वळवला की ती डिटेक्टरला समांतर होते. बरोबर आलंय का ते लहान ट्रोकँटर, म्हणजे मांडीच्या हाडावरचा आतला छोटा उंचवटा, सांगतो. तो जवळपास लपलेला किंवा किंचितच डोकावणारा हवा, ठळक दिसत असेल तर पाय बाहेर वळलेला आहे. पण पडलेल्या आजींचा पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर त्याला हातही लावू नका. फ्रॅक्चर असण्याची शक्यता मोठी आहे. जसा आहे तसा फोटो काढा.

मानेच्या दुखापतीतही हाच नियम. कॉलर काढायची नाही, मान फिरवायची नाही, ट्यूब आडवी करून रुग्णाभोवती यंत्र फिरवायचं. लॅटरलमध्ये सी ७ आणि त्याखाली टी १ ची वरची कड दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर चित्र अपुरं आहे, ते तसं डॉक्टरांना सांगा.

किरणांपासून सांभाळणं

वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिसं. खोलीत उभं राहावंच लागलं तर लक्षात ठेवा की विखुरलेले किरण मुख्यतः रुग्णाच्या अंगातून येतात, म्हणून रुग्णापासून एक-दोन पावलं मागे सरकणं फार मोलाचं असतं. रुग्णाला धरून उभं राहायचं काम रेडिओग्राफरने करायचं नाही. आधी पट्टे, उशा वापरा, अगदीच गरज पडली तर गरोदर नसलेला नातेवाईक, एप्रन घालून. एप्रन घडी करून ठेवू नका, आतल्या शिशाला चिरा पडतात. टांगून ठेवा.

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने काम करणाऱ्यांसाठी सुचवलेली मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप), सामान्य लोकांसाठी १. तुलनेसाठी, छातीचा एक पीए साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट, कमरेचा एक्स-रे त्याच्या कित्येक पट, आणि निसर्गातून जगभरात माणसाला सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. घाबरलेल्या रुग्णाला हा शेवटचा आकडा उपयोगी पडतो. मासिक पाळी कधी आली, गरोदर असण्याची शक्यता आहे का, हे प्रत्येक बाईला खाजगीत विचारायचं, सोबत सासू उभी असेल तर आधी तिला बाहेर बसवून.

जननेंद्रियांवर शिशाची पट्टी ठेवायची जुनी रीत अजून काही पुस्तकांत आहे. २०१९ साली अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिन या संस्थेने ती सरसकट वापरू नये अशी भूमिका घेतली. पट्टी सरकून नेमका हवा तो भाग झाकते आणि आपोआप एक्सपोजर ठरवणाऱ्या यंत्रणेला फसवते. तुमच्या विभागाचा नियम काय आहे ते विचारा. कोलिमेशन आवळणं, म्हणजे किरणांचा झोत हव्या भागापुरताच ठेवणं, मात्र सगळीकडेच खरं संरक्षण आहे, आणि त्याने चित्रही सुधारतं.

रुग्णाला उठवण्याआधी

चित्र आलं की लगेच 'झालं' म्हणू नका. नाव बरोबर आहे का, हवा तो भाग पूर्ण आलाय का, लांब हाड असेल तर दोन्ही टोकांचे सांधे आहेत का, वळण आहे का, हललंय का. आणि मार्कर, म्हणजे डावं-उजवं सांगणारं शिशाचं अक्षर.

शिकत असताना मी एकदा उजव्या मनगटाला डावीकडचा मार्कर लावला. घाईत होतो, मार्कर आधीच्या रुग्णाचा टेबलावरच पडलेला होता. प्लास्टर बांधणाऱ्या डॉक्टरांनी फोटोवर विसंबून न राहता हात दाबून बघितला म्हणून निभावलं. तेव्हापासून मी शिशाचे मार्कर खिशात वेगवेगळे ठेवतो, डावा डाव्या, उजवा उजव्या. नंतर संगणकावर अक्षर टाकता येतं हे खरं, पण तोवर रुग्ण खोलीबाहेर गेलेला असतो आणि भरवसा राहतो फक्त आपल्या आठवणीवर.

चित्र बिघडलं तर पुन्हा काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: डॉक्टरांनी जे विचारलंय त्याचं उत्तर यातून मिळतंय का? मिळत असेल तर थोड्या तिरक्या चित्रासाठी पुन्हा किरण देऊ नका. मिळत नसेल तर चूक कुठे झाली ते नेमकं बोलून दाखवा, मगच हात लावा. 'जरा वळलंय' पुरत नाही. कुठल्या बाजूला, किती, आणि आता तुम्ही काय बदलणार?

घरचा सराव

रोज एक चांगला एक्स-रे घ्या, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून हाडांच्या कडा गिरवा आणि मूळ चित्र झाकून नावं लिहा. चुकलेल्या नावांवर उद्या पुन्हा बसा. मनगट, कोपर आणि पाऊल आधी घ्या, सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो.

दुसरा सराव जोडीदाराबरोबर, ट्यूब बंद ठेवून. एकाने रुग्ण व्हायचं, दुसऱ्याने पोझिशन द्यायची, आणि लाइट फील्ड (किरण कुठे पडतील ते दाखवणारा उजेडाचा चौकोन) लावून तिसऱ्याला सांगायचं की आता चित्रात कुठलं हाड कशावर चढेल. रुग्ण झालेल्याने दुखऱ्या माणसासारखं वागायचं: हात सरळ होत नाही, पाय टेकत नाही, ऐकू कमी येतं. किरण मात्र कुणावरही सोडायचे नाहीत, स्वतःच्या करंगळीवरसुद्धा नाही. त्यासाठी विभागात फँटम, म्हणजे शरीराच्या भागाची नक्कल, असतो, तो मागून घ्या.